घोट्यावरचा हात

बँक हॉलिडेच्या, म्हणजे इथल्या सरकारी सुट्टीच्या, त्या सोमवारी मला फक्त झोपायचं होतं. शनिवारी सकाळी माझ्या हॉस्पिटलातल्या आठवडाभराच्या नाइट्स संपल्या होत्या. रविवार मी कपडे मशीनला लावण्यात आणि मग ते बाहेर काढायचं विसरण्यात घालवला होता. सोमवारी पडदे ओढून अंथरुणात पडून राहायचं हे मी मनाशी पक्कं केलं होतं. पण नवरा ब्रिस्टलहून आला होता. तो तिथल्या हॉस्पिटलात, मी स्लाऊजवळच्या. दोघांच्या ड्यूट्यांचे रोटा जुळले तर महिन्यातून एक-दोनदा आमची भेट व्हायची. आणि त्याला डोंगर चढायचा होता.

"इथे कुठला आलाय डोंगर?" मी उशीत तोंड खुपसून विचारलं.

"डोंगर नाही गं, कडा आहे. समुद्राच्या काठाकाठानं चालायचं. सगळा पांढराशुभ्र चॉक. तुला आवडेल."

तुला आवडेल म्हणजे त्याला जायचं आहे. लग्नाला सात-आठ वर्षं झाली की एवढं समजायला लागतं. मी उठले, पण कड्यासाठी नाही. मला त्याच्याशी बोलायचं होतं, आणि घरात ते बोलणं काही केल्या होत नव्हतं. घरात कायम कुणाचा तरी फोन वाजायचा, कुणीतरी झोपलेलं असायचं, नाहीतर कुणाला तरी ट्रेन पकडायची असायची. चालताना माणूस कुठे पळून जाणार, असा माझा हिशेब होता.

बोलायचं होतं ते आमच्या मुलीबद्दल. ती साताऱ्याला माझ्या आईबाबांकडे होती. आम्ही दोघं इथली डॉक्टरकीची परीक्षा द्यायला आलो तेव्हा ती अडीच वर्षांची होती, आणि "फक्त सहा महिने, पहिली नोकरी लागेपर्यंत" असं म्हणून तिला आईकडे ठेवली होती. त्यात विशेष काही नव्हतं. आमच्याबरोबर आलेल्या निम्म्या डॉक्टरांची पोरं अशीच कोल्हापूर, नाशिक, नागपूरला आजी-आजोबांकडे वाढत होती. दोघांच्या ड्यूट्या, एका खोलीचं हॉस्पिटलचं क्वार्टर, दर सहा महिन्यांनी नवी नोकरी आणि नवं गाव. यात पोर ठेवायचं कुठे? मग पहिली नोकरी लागली, दुसरी लागली, तिसरी लागली. प्रत्येक नोकरी सहा महिन्यांची, आणि प्रत्येक वेळी मुलगीही सहा महिने पुढे ढकललेली. आता ती पाच वर्षांची होत आली होती. वर्षातून एकदा आम्ही पंधरा दिवस जायचो. पहिला आठवडा ती आईच्या पदरामागून आमच्याकडे बघायची. दुसऱ्या आठवड्यात मांडीवर येऊन बसायला लागायची, तोवर आमच्या बॅगा भरायची वेळ झालेली असायची.

निघताना त्यानं दशम्या केल्या. तो माझ्यापेक्षा बरा स्वयंपाक करतो, आणि प्रवासाला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नसेल तर तो त्याला प्रवास म्हणत नाही. बाकी सगळं मात्र दुष्काळात तेरावा महिना होतं. बँक हॉलिडे म्हणून रुळांची कामं काढलेली, ट्रेन मध्येच थांबवून सगळ्यांना बसमध्ये भरलेलं, आणि ती बस ससेक्समधल्या एकूण एक खेड्याला जाऊन नमस्कार करून पुढे निघणारी. मी खिडकीच्या काचेवर डोकं ठेवून झोपले. तो नकाशा मांडीवर घेऊन बसला होता. मधून मधून मला उठवून सांगायचा, "बघ, मेंढ्या."

सीफर्डला उतरलो तेव्हा वारा इतका होता, की ओढणी घेतली नाही हे बरं झालं असं वाटलं. गाव संपलं, चढ लागला, आणि चढावरून पुढचा सगळा किनारा दिसला. खरं सांगायचं तर सुंदर होता. शाळेत फळ्यावर लिहायचा खडू असतो ना, त्याचा उभा कडा, खाली समुद्र आणि वर थेट टोकापर्यंत आखूड कापल्यासारखं हिरवं गवत. कडा सलग नाही. एक टेकडी चढायची, तितकीच उतरायची, की पुढे दुसरी. नवरा म्हणाला, यांना इथे सेव्हन सिस्टर्स म्हणतात. आमच्याकडे नदीकाठी साती आसरा असतात, त्यांना आई नारळ ठेवते. त्या पाण्यात राहतात, या पाण्याच्या डोक्यावर उभ्या होत्या. मी त्यांना मनातल्या मनात हात जोडले आणि म्हटलं, बायांनो, आज माझ्या पायांत बळ द्या.

त्यांनी काही दिलं नाही. आधी एक नदी आडवी आली आणि तिच्या पुलासाठी बरंच आत जाऊन परत यावं लागलं. दुसऱ्या टेकडीवर माझ्या पोटऱ्या भरून आल्या. तिसरीवर मी बोलणंच थांबवलं. आठवडाभर रात्री जागलेल्या माणसाच्या अंगात एक विचित्र दमणूक असते. दिवस लख्ख असतो आणि आपण त्याच्या बाहेर उभं राहून तो बघत असतो. वाटेवर लोक भेटत होते, आणि स्लाऊच्या बसस्टॉपवर वर्षभर शेजारी उभं राहून ज्यांनी मान वर केली नसती, तेच लोक इथे हसून "लव्हली डे" म्हणत होते. एक बाप छोट्या मुलीला खांद्यावर घेऊन चालला होता. ती त्याच्या कपाळावर दोन्ही हातांनी ताल धरून काहीतरी गात होती. नवरा त्या दोघांकडे बघत राहिला. मी नवऱ्याकडे बघत राहिले. आता बोलेल, असं मला वाटलं.

"कोकणकडा आठवतो?" तो म्हणाला.

आठवत होता. न आठवून कसं चालेल? मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमचा चाळीस जणांचा कळप हरिश्चंद्रगडावर गेला होता. तिथला कोकणकडा बघायची एक रीत आहे. उभ्यानं तो बघत नाहीत. कडेपासून लांब असतानाच पालथं पडायचं, पोटावर सरकत सरकत पुढे जायचं आणि नुसतं डोकं कड्याबाहेर काढायचं. आणि मागून कुणीतरी आपले घोटे घट्ट धरून बसायचं. ज्याचे घोटे धरलेत त्यानं मागे वळून बघायचं नाही, आणि ज्यानं धरलेत त्यानं सांगितल्याशिवाय सोडायचे नाहीत. माझ्या वेळी मैत्रीण आयत्या वेळी घाबरली, म्हणून रांगेतला पुढचा मुलगा बसला. मी खाली बघत बसले. घारी माझ्या खाली फिरत होत्या, त्यांच्या पाठी दिसत होत्या. मी सोड म्हणायचंच विसरले. त्या मुलानं तेवढा वेळ घोटे धरून ठेवले, आणि नंतर दोन दिवस माझ्या पायावर त्याच्या बोटांचे वळ होते. त्याच मुलाशी मी पुढे लग्न केलं.

"आठवतो," मी म्हटलं. "तेव्हा मी दमत नव्हते."

पुढच्या टेकडीवर आम्ही डबा उघडला. दशम्या वाऱ्यानं गार झाल्या होत्या, चटणीत थोडं वाळूसारखं काहीतरी लागत होतं. मी दोन घास खाल्ले आणि विषय काढला.

"तिच्या शाळेचं काय करायचं? इथे सप्टेंबरमध्ये सुरू होतात."

त्यानं बोटांवरची चटणी चाटली. मग म्हणाला, "ऑगस्टला माझं रोटेशन संपतंय. त्यानंतर रजिस्ट्रारची पोस्ट मिळाली, की चार-पाच वर्षं एका जागी सेटल होऊ. मग लगेच आणू ना. आता आणली, तर तू स्लाऊला, मी ब्रिस्टलला, आणि ती पोरं सांभाळणाऱ्या कुठल्यातरी चाइल्डमाइंडरकडे. तुझ्या नाइट्सना काय करणार? प्रॅक्टिकली विचार कर. अजून फक्त सहा महिने."

त्याच्या बोलण्यात एकही चूक नव्हती. तिथेच तर घोडं पेंड खात होतं. दर वेळी त्याचं बरोबरच असायचं, आणि दर वेळी ती साताऱ्यालाच असायची. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. मला खूप काही सांगायचं होतं. पण त्याच्या समजूतदार चेहऱ्याकडे बघून मी डब्याला झाकण लावलं. आरडाओरडा करणाऱ्या नवऱ्याशी भांडता येतं. समजावून सांगणाऱ्याशी कसं भांडायचं, हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

उरलेल्या टेकड्या मी त्याच्या मागून, त्याच्या बुटांकडे बघत चढले. ते खडूच्या धुळीनं पांढरे झाले होते. शेवटच्या टेकडीच्या माथ्यावर मी बसकण मारली. खाली उतारावर कॅफे दिसत होता, गाड्या लावलेल्या दिसत होत्या.

"मला चहा हवाय," मी म्हटलं. एवढं सगळं सांगायचं असताना एवढंच सांगितलं.

"चल, तो काय खाली कॅफे."

"माझ्याच्यानं होत नाही. तू आण."

त्यानं माझ्याकडे जरा बघितलं, मग सॅक माझ्याजवळ ठेवली आणि उतरायला लागला. रांग असणार, चढ परत चढायचा, कपात अर्धाच चहा उरणार, हे सगळं दोघांनाही कळत होतं. पण दोघांनाही थोडा वेळ एकमेकांपासून सुट्टी हवी होती.

मी कड्याकडे बघितलं. कडेला पाटी होती, पाटीवर खाली कोसळणाऱ्या माणसाचं चित्र होतं. मी मनात म्हटलं, आम्ही सह्याद्रीतले, आम्हाला पाट्या कसल्या दाखवता? हा वेडेपणा होता. आमचा कडा बेसॉल्टचा, शेकडो माणसं वर्षानुवर्षं त्यावर पालथी पडली तरी तो हलत नाही. हा खडू होता. पण मी दमले होते, आणि दमलेल्या माणसाला जुनी सवय तेवढी आठवते. मी लांबूनच पालथी पडले, पोटावर सरकत पुढे गेले आणि डोकं बाहेर काढलं.

खाली पाणी ताकासारखं पांढुरकं झालं होतं. कड्याची पडलेली ढेकळं लाटेत विरघळत होती. पांढरे पक्षी माझ्या खाली फिरत होते, त्यांच्या पाठी दिसत होत्या. गवत गार होतं आणि त्याला मेंढ्यांचा वास होता. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच मला कुणी बोलावत नव्हतं, हॉस्पिटलचा ब्लीप वाजत नव्हता, मला कुठे जायचं नव्हतं. डोळे मिटले, किती वेळ ते कळलं नाही.

मग कुणीतरी माझा घोटा धरला.

घट्ट धरला, दोन्ही हातांनी. मी मागे बघितलं नाही. बघायचं नसतंच. एवढ्या लवकर कसा आला हा विचारही मनात आला नाही. मला एवढंच वाटलं, की त्याला आठवलं. तो आला, बघितलं, एक अक्षर न बोलता खाली बसला आणि घोटा धरला.  मी खाली पाण्याकडे बघत बोलायला लागले.

"बरं झालं आलास. आता मध्ये बोलू नकोस. तुझा चेहरा दिसत नाहीये तोवर मला बोलता येईल. गेल्या महिन्यात तिला ताप होता. चार दिवस. आईनं मला सांगितलंच नाही. उतरल्यावर सांगितलं, म्हणाली, तुला तिकडे उगीच काळजी कशाला. मी लहान मुलांची डॉक्टर आहे रे. रात्रभर मी लोकांची पोरं थोपटते. परवा एक दम्याची मुलगी होती, आपल्या पोरीएवढीच. तिची आई खुर्चीत झोपून गेली होती, तर ती माझंच बोट धरून झोपली. मी बोट सोडवून घेतलं नाही. नर्स दोनदा बोलवायला आली तरी घेतलं नाही. आणि माझ्या मुलीचा ताप मला उतरल्यावर कळतो. रविवारी फोनवर ती म्हणते, झालं का तुमचं बोलून, मला कार्टून बघायचंय. तुमचं म्हणते. मला अहोजाहो करते. तुझं सगळं बरोबर आहे. पोस्ट, नाइट्स, चाइल्डमाइंडर, सगळं बरोबर. पण मला अजून सहा महिने नको आहेत. मी दमलेय. कामानं नाही दमले, काम मी आणखी दुप्पट करीन. या वाट बघण्यानं दमलेय. ऐकतोयस ना?"

मागून एक बाई इंग्रजीत म्हणाली, "लव्ह, तू काय बोलतेस त्यातलं मला अक्षरही कळत नाही. पण मी तुझा पाय सोडणार नाहीये."

मी मान वळवली. साठीच्या पुढची एक बाई, निळा रेनकोट, पांढरे केस वाऱ्यानं उडालेले, गवतावर फतकल मारून बसली होती. माझा घोटा तिनं पोटाशी धरला होता. तिच्या मनगटात पट्टा अडकवलेला होता आणि पट्ट्याच्या टोकाला एक म्हातारं, तपकिरी कुत्रं. तेही माझ्याकडे काळजीनं बघत होतं.

"आता हळूहळू मागे ये," ती म्हणाली. "तुझ्या पोटाखाली काही नाहीये, माहीत आहे का? हा खडू आतून पोकळ होतो. वर नुसतं गवत उरतं."

मी तळहात गवतात रोवले. मी सरकत मागे आले. ती मला ओढत होती आणि कुत्रं तिला ओढत होतं, अशी आमची वरात पाटीच्या अलीकडे येऊन थांबली. तरी तिनं घोटा सोडला नाही. नाव काय म्हणून विचारलं, मी सांगितलं. आज कुणाबरोबर आली आहेस? घरी कुणी वाट बघतंय का? अलीकडे झोप लागते का? जेवण जातं का? सगळे प्रश्न ती अगदी सहज, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसे विचारत होती. चौथ्या प्रश्नाला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे प्रश्न माझेच होते. याच क्रमानं, याच मऊ आवाजात मी ते कॅज्युअल्टीत जीव द्यायला गोळ्या खाऊन आलेल्या पोरीबाळींना विचारते.

"नाही नाही," मी घाईघाईनं म्हटलं, "तुमचा गैरसमज झालाय. मी डॉक्टर आहे. आमच्याकडे कडा असाच बघतात. पालथं पडून. मागून कुणीतरी पाय धरतं."

"हो का," ती म्हणाली. "मग तुझे पाय कोण धरणार होतं?"

 आणि मग मी रडले. परक्या बाईसमोर, भर दुपारी, सुट्टीला आलेल्या लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर हमसून हमसून रडले. स्वतःचीच लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. बाईनं खिशातून टिश्यू काढून दिला, मग पेपरमिंट दिलं, आणि कुत्रं माझ्या मांडीवर हनुवटी टेकून बसलं.

डोळे पुसले तेव्हा नवरा दिसला. जरा मागे, वाटेवर, हातात चहाचे दोन कागदी कप घेऊन उभा होता. एक कप पूर्ण चेपला होता आणि चहा त्याच्या मनगटावरून बाहीत गेला होता. गरम असणार, पण त्याच्या ते लक्षातच नव्हतं. कप त्याच्या हातात तसेच राहिले होते. तो किती वेळ उभा होता, हे मी विचारलं नाही. चेहऱ्यावरून कळत होतं.

बाईनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "हा तुझा?" मला विचारलं. मी मान हलवली. मग तिनं त्याला हातानं जवळ बोलावलं, चहाचे कप काढून घेतले आणि माझा घोटा जसा होता तसा त्याच्या हातात दिला. "आता तू धर," म्हणाली, आणि चेपलेल्या कपातला उरलेला घोट स्वतःच पिऊन टाकून कुत्र्याला घेऊन निघाली. उतारावर तिनं दोनदा मागे वळून बघितलं. दोन्ही वेळा त्यानं घोटा धरलेलाच होता.

त्यानं कड्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. मग म्हणाला, "तू तिथे..."

"नाही रे. कोकणकडा बघत होते."

"हा खडू आहे."

"सांगितलं तिनं."

"तापाचं मला माहीत नव्हतं."

"आज सांगणार होते."

म्हणजे त्यानं सगळं ऐकलं होतं. मला परत सांगावं लागणार नव्हतं, आणि त्या क्षणी मला याच गोष्टीचा सर्वांत जास्त आनंद झाला. परत सांगण्याइतकं बळ माझ्यात उरलं नव्हतं. तो पांढऱ्या बुटांकडे बघत बसला. दम्याच्या त्या मुलीला पुढे काय झालं, एवढंच त्यानं विचारलं. मी म्हटलं, घरी गेली.

"रजिस्ट्रारची पोस्ट राहू दे," तो म्हणाला. "मी स्लाऊच्या बाजूला बघतो. मिळेल ती नोकरी. नाइट्स आलटूनपालटून करू. सप्टेंबरच्या आत आणू तिला."

त्यानं हे समजावून सांगितलं नाही. नुसतं सांगितलं. मी त्याच्या भाजलेल्या मनगटावर बाटलीतलं गार पाणी ओतलं. रोज हजार मनगटं बघणारे आम्ही दोघं, पण ते लाल मनगट मी उगीचच पुन्हा पुन्हा बघत होते.

खाली कॅफेजवळ फोनबूथ होता. माझ्या पाकिटात स्लाऊच्या दुकानातून घेतलेलं कॉलिंग कार्ड होतं. लांबलचक नंबर दाबून झाले, पलीकडे रिंग वाजली. साताऱ्यात रात्रीच्या जेवणाची वेळ होती. फोन आईनं उचलला.

"काय गं, आज कसा फोन? आज रविवार नाही."

"तिला दे ना जरा."

"जेवतेय. आमरस केलाय." मग लांबून, "ये गं, आईचा फोन आहे."

धावत येण्याचा आवाज आला नाही. खुर्ची सरकल्याचा आला, हात धुतल्याचा आला, मग सावकाश पावलं.

"हॅलो. आज रविवार नाहीये," ती म्हणाली.

"हो. आज मुद्दाम केला. तुला एक गंमत सांगायची होती. आम्ही तुला इकडे आणणार आहोत. आमच्याकडे. इथे मोठा समुद्र आहे, पांढरे डोंगर आहेत, कुत्री आहेत."

"किती दिवस?"

"कायमचं. आता आपण तिघं एकत्र राहायचं."

 मी रिसीव्हर कानाशी इतका दाबला होता, की कान दुखायला लागला. नवरा बूथच्या दाराशी उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता.

मग ती अगदी शहाण्या आवाजात म्हणाली, "मी आजीला विचारून सांगते हं."

तो आवाज मी ओळखला. तो मलाही लहानपणी शिकवला होता, त्याच घरात, त्याच बाईनं. कुणी बोलावलं, खाऊ देतो म्हणालं, गंमत दाखवतो म्हणालं, तर रडायचं नाही, पळायचं नाही. घरी विचारून सांगते म्हणायचं आणि मागे फिरायचं. परक्या माणसाला कसं उत्तर द्यायचं, ते आईनं तिला नीट शिकवलं होतं.

"शहाणी आहेस," मी म्हटलं. "विचार हं. आणि आमरस संपव."

फोन ठेवून बाहेर आले. वाऱ्यानं बूथचं दार आपोआप लागलं.

"काय म्हणाली?"

मी सांगितलं. तो बूथच्या पायरीवर बसला. मीही त्याच्या शेजारी बसले, कारण पाय खरंच मोडून आले होते. समोर पुढचा मोठा कडा होता, नकाशाप्रमाणे अजून तोही चालायचा होता, आणि आम्ही दोघंही तो चालणार नव्हतो. ईस्टबोर्नच्या बसची रांग लागायला सुरुवात झाली होती.

"मग काय करायचं?" तो म्हणाला.

"तिला आणायचं नाही इतक्यात. ही नोकरी संपली की मी जाते. तिथे राहते. सकाळी शाळेत सोडीन, दुपारी आणीन. आजीला न विचारता ती माझ्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत यायला लागली, की मग दोघी येऊ."

त्यानं मान हलवली. सॅक उचलून खांद्याला लावली, माझ्या हातातला डबाही घेतला.

"किती दिवस लागतील?"

"सहा महिने तरी," मी म्हटलं, आणि आम्ही रांगेत जाऊन उभे राहिलो.